एकोणपन्नास किलोला तीस ग्रॅम कमी

आमच्या जपानी शेजाऱ्याला स्वतःचं वजन जितकं अचूक माहीत असायचं, तितकं सराफाला आपल्या तिजोरीतल्या सोन्याचंही माहीत नसेल. सकाळी उठल्यावर, पळून आल्यावर, अंघोळीआधी, अंघोळीनंतर आणि केस कापून आला की हमखास, असा तो दिवसातून सहा-सात वेळा काट्यावर उभा राहायचा. नव्या शर्टाच्या कॉलरमागचं लेबल तो आणल्या दिवशीच उसवून टाकायचा. "अरे, लेबलाचं वजन ते किती!" असं मी एकदा म्हणालो, तर आत जाऊन त्याने बरणीत साठवलेली तीन वर्षांची लेबलं आणली आणि माझ्यासमोर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओतली. एकतीस ग्रॅम भरली. "बघा," तो म्हणाला, "हे सगळं मी अंगावर घेऊन फिरलो असतो." माणूस एका वेळी एकच शर्ट घालतो, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा इतका समाधानी होता की मी त्याला ती पुन्हा बरणीत भरायला मदत केली.

दुसऱ्याचं वजनही तो नुसत्या नजरेने सांगायचा. मी हूफडॉर्पच्या ऑफिसातून बसने परत येऊन फाटक उघडलं की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "नेबर-सान, नव्वद पॉइंट चार. आज लंच हेवी." आणि खरोखरच त्या दिवशी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस झालेला असायचा. माझ्या बायकोने एकदा मोठ्या धिटाईने "आणि माझं?" असं विचारलं. त्याने तिच्याकडे एक क्षण पाहिलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि घरात निघून गेला. ह्यापेक्षा सभ्य उत्तर मी तरी ऐकलेलं नाही. बायकोला मात्र ते आवडलं नाही.

हा माणूस व्यवसायाने बॉक्सर होता. आम्ही नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला राहतो. इथली घरं सगळी एका साच्यातून काढल्यासारखी, आणि शेजारचा माणूस काय करतो हे कळायला दोन वर्षं लागतात. आम्हाला दोन मिनिटं लागली. तो शेजारी राहायला आला त्या दिवशी बेल वाजवून त्याने दोन्ही हातांनी एक घडी केलेला पांढरा टॉवेल पुढे केला. नव्या शेजाऱ्याने टॉवेल द्यायचा ही त्यांच्याकडची रीत. त्याच्या नाकाचा आकार इतका वेगळा होता की मी न राहवून "अपघात झाला होता का?" असं विचारलं. "नाही," तो शांतपणे म्हणाला, "चार वेळा ठरवून." रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून बायकोने त्याला पाच बेसनाचे लाडू दिले. नंतर कळलं की ते त्याने एकेक करून तोलले, प्रत्येकावर वजनाची चिठ्ठी चिकटवली आणि फ्रीझरमध्ये ठेवले. लढत झाली की एक खायचा, असा बेत. त्या हिशेबाने पाच लाडू त्याला दोन वर्षं पुरले असते, कारण लढती मिळत नव्हत्या.

न मिळण्याचं कारण साधं होतं. तो ज्या गटात खेळायचा त्याची मर्यादा एकोणपन्नास किलोला तीस ग्रॅम कमी, आणि ह्या देशात एवढ्या वजनाची माणसं प्राथमिक शाळेत सापडतात. त्याचा डच कोच स्वतः दोन मीटर उंच होता आणि त्याच्याशी बोलताना गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा. सरावाला जोडीदार म्हणून जे कोणी मिळत, ते एक तर ह्याच्या दुप्पट असत, नाही तर त्यांना आईला विचारून यावं लागे. वैद्यकीय दाखला आणायला तो आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेला, तर त्यांनी त्याला तपासून कळवळून सांगितलं की बाकी सगळं उत्तम आहे, तुम्ही फक्त जरा जेवत चला. मला अकरा वर्षांत पॅरासिटामॉलपलीकडे काही न देणाऱ्या त्या डॉक्टरांचा हा जिव्हाळा पाहून मला थोडा हेवाच वाटला.

पोटासाठी तो फुलांच्या लिलावाच्या गोदामात पहाटपाळी करायचा. ट्युलिपच्या गाड्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायच्या. देठ मोडलेली फुलं घरी आणायची परवानगी होती, त्यामुळे आमच्या घरात वर्षभर लंगडी फुलं असायची. गोदामातून आला की पळायला जायचा, पळून आला की आपल्या दारासमोरचा आणि वर आमच्याही दारासमोरचा रस्ता झाडायचा. बसची वाट बघताना तो हवेत ठोसे मारायचा. गल्लीतल्या डच आजीबाई आधी दोन हात लांब उभ्या राहत. पुढे त्यांतल्या एकीने त्याला आपल्या सुनेचं वर्णन सांगून "तेवढं जरा जोरात" अशी फर्माईश केलेली मी स्वतः ऐकली आहे. सराव संपला की तो ठोसे मारायच्या पिशवीलाही वाकून नमस्कार करायचा. "का रे?" म्हटलं तर म्हणे, "तिने आज खूप सोसलं."

आपल्या कारकिर्दीबद्दल तो बोलायचा, पण उलट्या रीतीने. जिंकलेल्या लढती त्याला नीट आठवतच नसत. "समोरचा आजारी होता," "त्याचे बूट घट्ट होते," असं काहीतरी सांगून मोकळा व्हायचा. हरलेली प्रत्येक लढत मात्र फेरीनिशी पाठ. कितव्या फेरीत डावा हात खाली आला, कुठल्या ठोशाला नाक दुसऱ्यांदा मोडलं, पंचांनी किती आकडे मोजले, हे सगळं तो आमच्या ओसरीएवढ्या बागेत करून दाखवायचा आणि स्वतःच खाली पडून स्वतःच आकडे मोजायचा. बायकोची कोथिंबीर ह्यातच दोनदा गेली.

सुरुवात अशी की तो पंधरा वर्षांचा असताना, वर्गातला सगळ्यांत किरकोळ मुलगा म्हणून मार खायचा कंटाळा येऊन, गावातल्या मासळीच्या दुकानावरच्या माडीवर चढला. तिथे एका म्हाताऱ्याची तालीम होती. म्हातारा तेव्हा म्हातारा नव्हता, पण हा त्याला कायम तसंच म्हणायचा. म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "रोज येशील?" हा हो म्हणाला आणि पुढे सोळा वर्षं रोज गेला. अठराव्या वर्षी व्यावसायिक परवाना, मग चार-चार फेऱ्यांच्या लढती, नवोदितांच्या स्पर्धेत जिंकणं, मग सहा फेऱ्या, आठ फेऱ्या, मधूनमधून हरणं, पुन्हा वर चढणं. अशी बारा-तेरा वर्षं गेल्यावर त्याला राष्ट्रीय विजेतेपदाची लढत मिळाली. म्हाताऱ्याच्या तालमीतून तोवर एकही विजेता झाला नव्हता. लढतीच्या आदल्या दिवशी वजन करतात. हा काट्यावर उभा राहिला आणि दोनशे ग्रॅम जास्त भरला. कमी करायला दोन तास देतात. दोन तासांनी तो दीडशे ग्रॅम जास्त होता, आणि लढत रद्द झाली.

"काय झालं होतं?" मी विचारलं होतं.

"पाणी प्यायलो," तो म्हणाला. "सकाळी. फार तहान लागली होती. आधी दोन घोट, मग आणखी दोन. मग मोजायचं राहून गेलं."

 म्हाताऱ्याने टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि तो निघून गेला. त्यानंतर आजतागायत एक शब्द नाही. हा वर्षभर घरी बसला, मग थायलंड, फिलिपिन्स असं जिथे कुणी बोलावील तिथे खेळत राहिला. बहुतेक ठिकाणी त्याला हरण्यासाठीच बोलावत, वजनाकडे कुणी बघत नसे. वयामुळे तिकडे परवाना मिळेना, तेव्हा इथे आला. दर नव्या वर्षाला तो म्हाताऱ्याला एक कार्ड पाठवायचा. नऊ कार्डं गेली, उत्तर नाही. आता वय चाळीस. त्याला आणखी एकच लढत हवी होती, आणि ती जिंकण्यासाठी नव्हे. वजनात बसायचं, काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढायचा आणि तो म्हाताऱ्याला पाठवायचा. "मग तो म्हणेल, हा माणूस शिकला," असं तो सांगायचा, आणि हे सांगताना त्याचा आवाज अगदी पंधरा वर्षांच्या मुलासारखा व्हायचा.

ती लढत मे महिन्यात मिळाली. रॉटरडॅमच्या एका क्रीडागृहात, सहा फेऱ्यांची, बल्गेरियाहून येणाऱ्या एका तरुणाशी. शनिवारी दुपारी बारा वाजता वजन, रविवारी दुपारी लढत. आणि नेमकी त्याच सुमाराला माझी आई तीन महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे आलेली होती.

आईने त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्याला घरी कोणी नाही का रे?" त्या दिवसापासून तिच्या आयुष्याला हेतू मिळाला. आम्ही सगळे तिला आई म्हणतो म्हणून त्याने ते नावच समजून तिला 'आई-सान', म्हणजे त्यांच्या भाषेत 'आईजी', म्हणायला सुरुवात केली, आणि तिथेच आई विरघळली. कुंपणावरून ती त्याला मेतकूट-भात दाखवायची, भडंगाचा डबा हलवून आवाज करायची. मी तिला बसवून नीट समजावलं. "हे बघ, त्याला मोजूनमापून खावं लागतं. भात नाही, पोळी नाही, गोड तर नाहीच. लढत होईपर्यंत त्याला काही द्यायचं नाही." आईने शब्द दिला आणि पाळलासुद्धा. पण शब्द पाळताना तिची जी घालमेल व्हायची ती बघवत नव्हती.

शुक्रवारी आम्ही दोघं ऑफिसात. दुपारी तो आमचा एक रिकामा डबा परत द्यायला आला. रिकामा द्यायचा नाही हे तो आमच्याकडूनच शिकला होता, म्हणून डब्यात ट्युलिप होते. त्याने स्वतः तीन आठवडे उकडलेल्या कोबीवर काढले होते, गालफडं बसलेली, ओठ फुटलेले. आईने आपल्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, "ईट?" त्याने मान हलवली. "नो, आई-सान. फास्टिंग. टुमारो ट्वेल्व्ह ओ'क्लॉक, फास्टिंग फिनिश."

फास्टिंग! आईला एवढं इंग्रजी पुरेसं होतं. मुलाचा उपवास आहे. उपवासाला काय चालतं हे सांगलीत कुणी तिला शिकवायची गरज नव्हती. भात नाही, पोळी नाही, गोड नाही, म्हणजे तिने मला दिलेला शब्दही शाबूत. एकादशीसाठी भिजवलेला साबुदाणा तयारच होता. तासाभरात त्याच्यासमोर ताट आलं: दाण्याचं कूट घातलेली, तुपावर परतलेली खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि बटाट्याचे पापड. "ऑल फास्टिंग," आई म्हणाली. "नो राइस. नो व्हीट. लाइट."

भारत हा उपवासांचा देश, तेव्हा तिथल्या उपवासाचं अन्न हलकंच असणार, असा त्याने विचार केला. शिवाय मोठ्या माणसाने वाढलेलं नाकारायचं नाही आणि ताटात टाकायचं नाही हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याने ताट स्वच्छ केलं. आईने आग्रहाने दुसऱ्यांदा खिचडी वाढली. तीही गेली. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून हात जोडले, तेव्हा "एवढंसं" म्हणून पापड वाढला. मग तो घरी गेला आणि काट्यावर उभा राहिला.

मी सहा वाजता घरी पोचलो तर तो आपल्या दाराच्या पायरीवर बसला होता. नेहमीचं माझं वजन त्याने सांगितलं नाही. "एक्कावन्न पॉइंट शून्य," तो म्हणाला. "माझं." अठरा तासांत दोन किलो उतरवायचे होते. काय खाल्लं ते त्याने यादीसारखं सांगितलं आणि मी डोक्याला हात लावून घरात शिरलो.

"आई, अगं काय केलंस! त्याचा उपवास म्हणजे काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही!"

"पाणीसुद्धा?" आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "अरे, मग निर्जळी म्हणावं ना त्याने! निर्जळी म्हणाला असता तर मी फुलपात्र तरी पुढे केलं असतं का?"

मग तिला दोनशे ग्रॅमची आणि नऊ कार्डांची सगळी गोष्ट सांगावी लागली. ती खाली बसली. मग उठून आतून आपली बॅग ओढत बाहेर आली. युरोपच्या थंडीच्या भीतीने तिने जे जे आणलं होतं ते सगळं, दोन स्वेटर, लोकरी शाल, पायमोजे, कानटोपी, तिने कुंपणापलीकडे नेलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या अंगावर चढवलं. तिला वाटलं त्याला घाम यायला हवा तर ही मदत होईल, आणि तिचं बरोबर होतं. वरून त्याने आपला प्लॅस्टिकचा सूट चढवला. माफी मागायला तिला इंग्रजी सुचेना. त्याने तिचे हात धरले आणि मला म्हणाला, "सांगा त्यांना. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. मला हवं होतं, म्हणून मी खाल्लं. तेव्हाचं पाणीसुद्धा तसंच."

संध्याकाळी साडेसहापासून साडेनऊपर्यंत, म्हणजे इथल्या मे महिन्यात ऊन असेपर्यंत, आम्ही कालव्याच्या काठाने गेलो. तो पळत, मी मागून सायकलवर. अंगावर शाल गुंडाळलेला, सांगलीची कानटोपी घातलेला एक बुटका जपानी आणि त्याच्यामागे धापा टाकणारा एक नव्वद किलोचा माणूस, ही मिरवणूक पाहून बोटीतली माणसं हात करत होती. तो प्रत्येकाला वाकून उत्तर देत होता. दर अर्ध्या तासाने तो थांबून कानटोपी पिळायचा. दमलो मी. परत आल्यावर एकोणपन्नास पॉइंट आठ.

आईने संध्याकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. "तो पिईल तेव्हा मी पिईन," एवढंच म्हणाली. सत्तरीची बाई, त्यात रक्तदाबाची गोळी. मी रागावलो, बायकोने विनवण्या केल्या. "गोळी कोरडी गिळता येते," असं म्हणून तिने ती खरंच कोरडी गिळली. शनिवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती दारात उभी होती. देवाजवळ काय मागितलंस, असं मी विचारलं नाही, कारण तिचे ओठ हलत होते आणि आकडे ऐकू येत होते.

क्रीडागृहाच्या मागच्या एका खोलीत काटा होता. बल्गेरियाचा तरुण आरामात उभा राहिला आणि उतरला. मग आमचा. अंगावर चड्डीसुद्धा नको म्हणून कोचने समोर टॉवेल धरला. एकोणपन्नास पॉइंट शून्य तीन. साठ ग्रॅम जास्त. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, दोन तास.

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. नऊ वर्षांपूर्वीसारखीच खोली, तेच दोन तास. पण तो हलला नव्हता. त्याने पुन्हा तो सगळा लोकरीचा संसार अंगावर चढवला आणि बाहेरच्या बोळात दोरीवरच्या उड्या मारायला लागला. घाम येईना, अंगात पाणीच उरलं नव्हतं. तासाभराने तो भिंतीला टेकून बसला, च्युइंगगम चघळून कागदी पेल्यात थुंकत राहिला आणि मला म्हणाला, "नेबर-सान, केस." कोचकडे मशीन होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची हजामत केली. मशीन थरथरत होतं आणि मी ते दोन्ही हातांनी धरलं होतं, त्यामुळे डोक्यावर जे काही झालं ते फार चांगलं नव्हतं. शेवटची दहा मिनिटं त्याने पुन्हा उड्या मारल्या. बोळाच्या टोकाला पाण्याचा नळ होता. तो त्याच्याकडे पाठ करून उभा नव्हता. त्याच्याकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून उड्या मारत होता.

अठ्ठेचाळीस पॉइंट नऊ सहा.

कोचने मोठ्यांदा काहीतरी डच आरोळी ठोकली. मी रडलो, हे कबूल करायला हरकत नाही. शेजाऱ्याने आधी आकड्याचा फोटो काढायला लावला, मग काट्याला वाकून नमस्कार केला. समोर पाण्याची बाटली आली होती. ती त्याने हातात घेतली, पण उघडली नाही. मला म्हणाला, "फोन." आईने पहिल्या रिंगला उचलला.

"आई-सान," त्याच्या घशातून आवाज निघत नव्हता, "ओके. प्लीज ड्रिंक वॉटर."

फोनवर पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा त्याने बाटलीचं झाकण उघडलं.

रविवारी तो हरला. सहाही फेऱ्या उभा राहिला, डावा हात दोनदा खाली आला, नाक पाचव्यांदा मोडलं नाही एवढंच. बल्गेरियाचा तरुण चांगला होता. त्याचे बूट घट्ट नव्हते. घरी आल्यावर आईने डोळ्यावरची सूज पाहिली, आंबेहळद उगाळली आणि काही न विचारता लेप लावला. अर्धा चेहरा पिवळा करून तो आमच्या सोफ्यावर बसला आणि बसल्या बसल्या झोपी गेला. "हरला म्हणे?" आईने मला हळूच विचारलं. मी हो म्हणालो. "झोप लागली की त्याला," ती म्हणाली आणि दिवा बारीक करून आत गेली.

फोटो त्याने कागदावर छापून घेतला, कारण म्हातारा फोन वापरत नव्हता. मागे काही लिहिलं नाही. जूनच्या सुरुवातीला पाकीट गेलं. आई जूनअखेर सांगलीला परतली. विमानतळावर त्याने तिला टॉवेल दिला. जुलै अर्धा उलटला तरी काही नाही. तो रोज दुपारी पत्रपेटी बघायचा आणि रस्ता झाडायचा. विचारायची माझी छाती होत नव्हती.

मग एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दोन्ही हातांत एक साधं कार्ड धरून तो उभा होता. पत्ता सुबक अक्षरात, म्हाताऱ्याच्या बायकोने लिहिलेला. खालची एकच ओळ वाकडीतिकडी, उतरत गेलेली. "पूर्वी त्याचं अक्षर असं नव्हतं," तो म्हणाला. "हात कापतो वाटतं आता."

"काय लिहिलंय?"

"जेवलास का?"

"आणि पुढे?"

"पुढे नाही. एवढंच." आणि भुवई फुटल्यावर, नाक मोडल्यावर जो माणूस कधी रडला नव्हता, तो आमच्या उंबरठ्यावर उभ्या उभ्या रडला. मी नव्वद किलोचा माणूस नुसता पायपुसण्याकडे बघत राहिलो.

उत्तर लिहायला त्याला तीन दिवस पुरेनात. त्यांच्याकडे पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची असते, आणि हवा नेदरलँड्सची असल्यामुळे त्यातच दीड पान जायचं. त्यापुढे नऊ वर्षांची माफी कशी मांडायची ते जमेना. पाचवा कागद फाडल्यावर मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. "माफी कसली मागतोय? त्या माणसाने काय विचारलंय? तेवढ्याचं उत्तर द्यावं. जेवलो म्हणावं. आणि तुम्ही जेवलात का, तेही विचार. बस्स." मी त्याला तसं सांगितलं. त्याने थोडा विचार केला, दोन ओळी लिहिल्या आणि त्याच पावली कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आला.

सप्टेंबरात तो तीन आठवड्यांसाठी म्हणून जपानला गेला. जाताना कुंड्यांना पाणी घालायला देतात तशी त्याने मला घराची किल्ली दिली. डिसेंबरात त्याने घर सोडत असल्याचं कळवलं. आता तिथे एक डच कुटुंब राहतं. भली माणसं आहेत. भेटली की हवेबद्दल बोलतात, आणि आमच्या दारासमोरचा रस्ता मी झाडतो. ऑफिसातून येऊन फाटक उघडताना अजून माझी पावलं क्षणभर रेंगाळतात. माझं वजन हल्ली कुणी सांगत नाही, आणि मी स्वतःहून कधी ते पाहिलेलं नाही.

रविवारी त्याचा फोन येतो. मासळीच्या दुकानावरची तालीम आता तो चालवतो. म्हाताऱ्याची बायको वसंतात गेली, तेव्हापासून म्हातारा त्याच्याचकडे, दुकानामागच्या खोलीत राहतो. परवा मी त्याला शेवटी विचारलंच, "आता तरी बोलतात का रे ते तुझ्याशी?"



"नाही," तो म्हणाला. "पण मी वाढलं की जेवतात."